'फॉर्टिट्यूड' हा इंग्रजी शब्द नेमका कुठे आणि कसा वापरायचा

इंग्रजी वर्तमानपत्रात एखाद्या मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी आली की खाली मंत्र्यांचे, राज्यपालांचे शोकसंदेश असतात. त्यातल्या निदान एकात तरी 'फॉर्टिट्यूड टु बेअर द लॉस' असतंच. आपल्यापैकी अनेकांची या शब्दाशी ओळख होते ती अशी, कुणाच्या तरी जाण्याच्या निमित्ताने. दुसरी ओळख होते स्पर्धा परीक्षेच्या समानार्थी शब्दांच्या यादीत. तिथे फॉर्टिट्यूड म्हणजे करेज, पाठ करा आणि पुढे चला.

दोन्ही ओळखी अर्धवट आहेत. पहिलीमुळे वाटतं की हा शब्द फक्त सुतकातला. दुसरीमुळे वाटतं की 'करेज'च्या जागी तो कुठेही बसेल. मग 'ही जम्प्ड इन्टु द वेल विथ फॉर्टिट्यूड' अशी वाक्यं तयार होतात. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही, पण इंग्रजी ज्याच्या कानात मुरलंय तो वाचताना अडखळतोच. विहिरीत उडी मारायला क्षणभराचं धाडस लागतं. फॉर्टिट्यूड लागतं ते पाय मोडल्यावर मदत येईपर्यंत त्या विहिरीत रात्रभर तग धरायला.

सुरुवात 'धीर' या शब्दापासून करा

मराठी माणसाचा खरा घोळ इंग्रजीत नसतो, तो 'धीर' या आपल्याच शब्दात असतो. हा शब्द आपण इतक्या कामांना जुंपलाय की इंग्रजीत जाताना त्याचे तुकडे करावे लागतात.

'जरा धीर धर, बस येईल.' इथे धीर म्हणजे पेशन्स. वाट बघायची आहे, सोसण्यासारखं विशेष काही नाही.

'साहेबांना विचारायचा धीरच होईना.' इथे करेज. घटकाभराची भीती ओलांडायची होती, ती ओलांडता आली नाही. इंग्रजीत सरळ 'आय कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टु आस्क' म्हणावं.

'काकूंना जरा धीर दे, मी डॉक्टरांशी बोलून येतो.' इथे कम्फर्ट किंवा रीअश्युअर. 'गिव्ह हर फॉर्टिट्यूड' असं माणूस माणसाला म्हणत नाही. ते देवाकडे मागायचं मागणं आहे.

'दोन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, पण किती धीराने घेतलं तिने!' हे फॉर्टिट्यूड. 'शी बोअर हर इलनेस विथ ग्रेट फॉर्टिट्यूड.'

चौथ्या वाक्यात असं काय आहे जे पहिल्या तिघांत नाही? एक, खरंखुरं दुःख, वेदना किंवा संकट आहे. दोन, ते लगेच संपणारं नाही. तीन, ते सोसताना माणूस मोडला नाही. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे: काय सोसलं, आणि किती काळ? दोन्हींना ठोस उत्तर असेल तर फॉर्टिट्यूड बसेल. 'काय' आहे पण 'किती काळ' नाही, तर बहुधा करेज हवं. 'किती काळ' आहे पण सोसण्यासारखं काही नाही, तर पेशन्स.

'मन घट्ट करून', 'उरावर दगड ठेवून', 'तोंडातून ब्र न काढता' हे आपले वाक्प्रचारही याच वळणाचे आहेत. वेदान्तातली 'तितिक्षा' अर्थाने सगळ्यात जवळची, पण रोजच्या बोलण्यात ती कुणी वापरत नाही. एकच मराठी शब्द हवा असेल तर मी 'खंबीरपणा' निवडेन. 'सहनशक्ती' मला थोडी कमी पडते. लोकलच्या गर्दीची सवय होते तीही सहनशक्ती, आणि तिला काही कुणी फॉर्टिट्यूड म्हणणार नाही.

सिंहगड आणि रामशेज

शब्दाचं मूळ लॅटिन 'फॉर्टिस'मध्ये आहे, म्हणजे बळकट. याच घराण्यातून 'फोर्ट' आला, 'फोर्ट्रेस' आला आणि 'फॉर्टिफाय'ही. फोर्टिफाइड तांदूळ म्हणजे लोह आणि जीवनसत्त्वं घालून सकस केलेला तांदूळ, तोही याच गोतावळ्यातला. 'कम्फर्ट'सुद्धा मुळात इथलाच, बळ देणं या अर्थाचा. मुंबईतल्या फोर्टची तटबंदी १८६०च्या दशकात पाडली. तट गेले तरी नाव राहिलं.

किल्ल्याचं नातं डोक्यात राहिलं की अर्थ विसरत नाही, आणि आपल्याला तर त्यासाठी लॅटिनपर्यंत जायचीही गरज नाही. 'किल्ला झुंजवणे' हा खास मराठी प्रयोग आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्री कडा चढून सिंहगडावर गेले. ते करेज, व्हॅलर, डेअरिंग, जे म्हणाल ते. सगळा मामला एका रात्रीचा. नाशिकजवळच्या रामशेजला मात्र औरंगजेबाच्या फौजांनी १६८२ मध्ये वेढा घातला आणि तो छोटासा किल्ला पाच वर्षांहून जास्त काळ झुंजत राहिला. आतल्या माणसांनी रोज सकाळी उठून तोच वेढा बघायचा, दाणागोटा मोजायचा आणि पुन्हा तटावर उभं राहायचं. इंग्रजीत लिहायचं तर 'द गॅरिसन हेल्ड आउट विथ एक्स्ट्रॉर्डिनरी फॉर्टिट्यूड.' सिंहगडासाठी हे वाक्य लिहिलं तर रात्रीचा सगळा वेग निघून जातो.

हा भेद माझ्या मनचा नाही. युरोपात जे चार मुख्य सद्गुण मानले गेले (विवेक, न्याय, फॉर्टिट्यूड आणि संयम) त्यांची चर्चा करताना तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने स्पष्टच म्हटलंय की फॉर्टिट्यूडचं मुख्य काम हल्ला करणं नाही, टिकून राहणं आहे. कॅथलिक परंपरेत पवित्र आत्म्याच्या सात दानांतही फॉर्टिट्यूड आहे, त्यामुळे वसईत किंवा गोव्यात इंग्रजीतून धर्मशिक्षण झालेल्यांच्या कानांवर तो शाळकरी वयातच पडलेला असतो.

क्रिकेटमध्ये तर हा फरक एकाच डावात बघायला मिळतो. १९ जानेवारी २०२१, ब्रिस्बेन, कसोटीचा शेवटचा दिवस, भारतापुढे ३२८ धावांचं लक्ष्य. ऋषभ पंतने नाबाद ८९ धावा करून सामना जिंकून दिला. त्याच्या खेळाला ऑडॅसिटी म्हणा, नर्व्ह म्हणा. त्याआधी चेतेश्वर पुजारा २११ चेंडू खेळला आणि त्याने ५६ धावा केल्या. हेल्मेटवर, बोटांवर, बरगड्यांवर चेंडू आदळत होते, आणि दर वेळी तो पुन्हा उभा राहून पुढचा चेंडू खेळत होता. समालोचक 'मेंटल फॉर्टिट्यूड', 'फिजिकल फॉर्टिट्यूड' म्हणतात ते असल्या खेळीला. पंतला फॉर्टिट्यूड आणि पुजाराला ऑडॅसिटी लावून बघा, लगेच खटकेल.

वाक्यात बसवताना

उच्चार आधी. वजन पहिल्या अक्षरावर: 'फॉर्-टि-ट्यूड', मधला 'टि' ऱ्हस्व. ब्रिटिश माणूस 'र' गिळतो आणि शेवट 'ट्यूड' किंवा 'चूड' करतो, अमेरिकन 'र' स्पष्ट ठेवून 'टूड' म्हणतो. आपण 'फॉर्टीट्यूड' असा मधला 'टी' ताणतो, तेवढं टाळलं की पुरे.

हे नाम आहे, विशेषण नव्हे. 'शी इज व्हेरी फॉर्टिट्यूड' हे 'ती फार धैर्य आहे' म्हणण्यासारखं. ग्रॅटिट्यूड, सॉलिट्यूड, ॲप्टिट्यूड हे सगळे याच चालीचे, तेव्हा 'शी इज व्हेरी ग्रॅटिट्यूड' म्हणणार नसाल तर हेही म्हणू नका. 'फॉर्टिट्यूडिनस' असं विशेषण शब्दकोशात सापडतं, पण ते तिथेच राहू द्यावं. विशेषण लागलंच तर 'स्टोइक', 'स्टेडफास्ट' किंवा साधं 'स्ट्राँग' घ्या.

त्याचं अनेकवचन होत नाही आणि एरवी त्याच्याआधी 'अ' लागत नाही. मात्र पुढे वर्णन जोडलं की 'अ' चालतो, शोभतोही: 'विथ अ फॉर्टिट्यूड दॅट सरप्राइज्ड हर डॉक्टर्स.' शाळेत पहिला नियम शिकवतात, दुसरा राहून जातो आणि मग बरोबर वाक्यावरही लाल शाई पडते.

क्रियापदं ठरावीक आहेत. संकट 'विथ फॉर्टिट्यूड' बेअर करतात, फेस करतात किंवा एन्ड्युअर करतात. माणूस फॉर्टिट्यूड शो करतो, डिस्प्ले करतो, किंवा त्याच्यात ते लॅक असतं. 'इट टेक्स फॉर्टिट्यूड टु...' ही रचना बोलण्यातही सहज येते: 'इट टेक्स फॉर्टिट्यूड टु केअर फॉर अ पेरेंट विथ डिमेन्शिया, इयर आफ्टर इयर.' त्यातलं 'इयर आफ्टर इयर' काढलं तरी वाक्य उभं राहतं, पण ठेवलं की फॉर्टिट्यूड तिथे का आहे ते आपोआप कळतं. कशाच्या तोंडावर ते सांगायचं असेल तर 'इन द फेस ऑफ'.

'मॉरल फॉर्टिट्यूड' वेगळं. इथे वेदना शरीराची नसून दबावाची असते. ज्या अधिकाऱ्याने एकदा फाइलवर सही नाकारली त्याच्याकडे करेज होतं. नंतर बदल्या झाल्या, चौकश्या लागल्या, तरी जो सही नाकारतच राहिला त्याच्याबद्दल 'ही हॅड द मॉरल फॉर्टिट्यूड टु रिफ्यूज' असं लिहावं.

शेजारच्या शब्दांशी गल्लत

'रेझिलियन्स' हा सध्याचा लाडका शब्द. दबलं गेल्यावर पुन्हा वर येणं म्हणजे रेझिलियन्स. फॉर्टिट्यूडमध्ये वर यायलाच हवं असं नाही. असाध्य आजाराने गेलेल्या माणसाबद्दल 'रेझिलियन्स' लिहिणं थोडं विचित्र दिसतं, फॉर्टिट्यूड लिहिणं योग्य. 'पर्सिव्हिअरन्स' म्हणजे चिकाटी, तिला पुढे काहीतरी ध्येय लागतं. 'ग्रिट' त्याचाच बोलीतला दणकट भाऊ, आणि नोकरीच्या अर्जात आजकाल तोच जास्त चालतो. 'फॉरबेअरन्स' ऐकायला जवळचा वाटतो, पण तो दुसऱ्याच्या चुका पोटात घालण्याबद्दलचा आहे. आणि 'फॉर्च्युइटस'चा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तो योगायोगाचा शब्द. घाईत लिहिताना बोटं मात्र तिकडे घसरतात.

पेशन्स आणि फॉर्टिट्यूड शेजारी शेजारी बघायचे असतील तर न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी दोन संगमरवरी सिंह बसलेत. इमारत १९११ ची. १९३०च्या दशकात महामंदीने शहर पिचलेलं असताना महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी त्यांना नावं दिली, एकाला पेशन्स, दुसऱ्याला फॉर्टिट्यूड. मंदी कधी सरेल याची वाट बघायला एक हवं आणि ती सरेपर्यंतचं हलाखीचं जिणं काढायला दुसरं. दोन्हींचा अर्थ एकच असता तर एका सिंहावर भागलं असतं.

शोकपत्र लिहिताना

इथे हा शब्द सगळ्यात जास्त लागतो, म्हणून जरा सावकाश.

मराठीत आपण 'हे दुःख सहन करण्याची शक्ती ईश्वर त्यांना देवो' म्हणतो. त्याचं भारतीय इंग्रजीतलं ठरलेलं रूप असं: 'मे गॉड गिव्ह द बिरीव्ह्ड फॅमिली द फॉर्टिट्यूड टु बेअर धिस इर्रेपरेबल लॉस.' सोसायटीच्या फलकावर, बँकेच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर, सहकाऱ्याच्या कुटुंबाला पाठवायच्या औपचारिक पत्रात हे चालतं. कुणाला खटकत नाही. फक्त दोन गोष्टी तपासा. 'बेअर'चं स्पेलिंग बी-ई-ए-आर. बी-ए-आर-ई लिहिलं तर ते उघडं होतं, आणि छापील शोकसंदेशात ते फार वाईट दिसतं. दुसरं, 'लॉस'ला दोन एस आणि ओ एकच. दोन ओ, एक एस आणि शेवटी ई केलात की सैल होतं. सभेत वाचून दाखवायचं असेल तर 'इर्रेपरेबल'चं वजन 'रे'वर येतं. 'इर्रिपेअरेबल' म्हणू नका, तो सायकल दुरुस्तीचा शब्द वाटतो.

जवळच्या माणसाला मात्र हे वाक्य पाठवू नका. मैत्रिणीची आई गेली आणि तुम्ही व्हॉट्सॲपवर 'बिरीव्ह्ड फॅमिली' लिहिलंत तर ती क्षणभर विचारात पडेल की हा संदेश नक्की तिलाच आहे का. तिथे 'आय ॲम सो सॉरी अबाउट आई. आय ॲम कमिंग ओव्हर धिस ईव्हनिंग' एवढंच. त्यातला 'आई' तसाच ठेवा. 'युअर मदर' केलंत की परक्या माणसाचा संदेश होतो.

मधला मार्ग लागतो तो दीर्घ आजारानंतर. वर्षभर वडिलांचं आजारपण काढलेल्या सहकाऱ्याला लिहिताना फॉर्टिट्यूड देवाकडे मागण्यापेक्षा त्याने ते दाखवलंच आहे हे सांगणं जास्त खरं: 'वुई ऑल सॉ द फॉर्टिट्यूड विथ विच यू लुक्ड आफ्टर हिम.' देव, बिरीव्ह्ड आणि इर्रेपरेबल तिन्ही गळाले, आणि वाचणाऱ्याला कळतं की हे त्याच्यासाठीच लिहिलंय.

शिफारसपत्र, आणि स्वतःबद्दल

परदेशी विद्यापीठासाठी शिक्षकांकडून शिफारसपत्र घेताना बऱ्याचदा मसुदा विद्यार्थ्यालाच करायला सांगतात. तिथे हमखास असं वाक्य येतं: 'शी इज अ गर्ल ऑफ ग्रेट फॉर्टिट्यूड अँड फेस्ड मेनी प्रॉब्लेम्स.' हे दुरुस्त कसं करायचं ते बघू.

आधी 'मेनी प्रॉब्लेम्स' उलगडायचे. समजा, दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांना पक्षाघात झाला, घरचं किराणा दुकान तिने आठ महिने सांभाळलं, आणि परीक्षाही दिली. ही माहिती आली की 'काय सोसलं' आणि 'किती काळ' या दोन्हींची उत्तरं मिळतात. मग 'गर्ल' काढायचं, पदवीधर मुलीला पत्रात गर्ल म्हणत नाहीत. शेवटी फॉर्टिट्यूडला वाक्याच्या टोकाशी न्यायचं, म्हणजे आधी घटना आणि मग तिचं मोल: 'व्हेन हर फादर सफर्ड अ स्ट्रोक इन हर सेकंड इयर, शी रॅन द फॅमिली शॉप फॉर एट मन्थ्स अँड सॅट ऑल हर एक्झाम्स, विथ अ फॉर्टिट्यूड आय हॅव्ह रेअरली सीन.' 'विथ अ फॉर्टिट्यूड' मधला 'अ' इथे बरोबर आहे, कारण पुढे 'आय हॅव्ह रेअरली सीन' हे वर्णन आलंय.

हेच वाक्य तिने स्वतःबद्दल लिहिलं तर? 'आय शोड ग्रेट फॉर्टिट्यूड' कानाला आत्मस्तुतीसारखं लागतं, 'मी फार खंबीर आहे' असं स्थळ बघायला आलेल्यांना सांगावं तसं. स्वतःच्या निबंधात किंवा मुलाखतीत घटना सांगावी आणि थांबावं: दुकान, आठ महिने, परीक्षा. शब्द समोरच्याने वापरायचा. माझा तरी हा पक्का नियम आहे की फॉर्टिट्यूड दुसऱ्याच्या पदरात घालायची गोष्ट आहे.

थट्टेतलं फॉर्टिट्यूड

शब्द जड असल्यामुळेच इंग्रजीत तो थट्टेतही फार छान उतरतो. क्षुल्लक त्रासाला मुद्दाम भारदस्त शब्द लावायचा. सत्कार समारंभात सहा वक्ते, प्रत्येकाचं 'मी फक्त दोनच मिनिटं घेणार आहे', आणि पुढच्या रांगेत बसलेले सत्कारमूर्ती: 'ही एन्ड्युअर्ड द स्पीचेस विथ फॉर्टिट्यूड.' चेहरा गंभीर ठेवून म्हणायचं. पण ज्याला खरंच त्रास होतोय त्याच्याबद्दल नाही, आणि साहेबांच्या भाषणाबद्दल ईमेलवर तर मुळीच नाही.

अमेरिकेत 'इंटेस्टिनल फॉर्टिट्यूड' म्हणतात. पचनशक्तीशी त्याचा काही संबंध नाही. 'गट्स' हा शब्द चारचौघांत जरा असभ्य वाटायचा, म्हणून त्याला असं डॉक्टरी सोंग दिलं. श्रेय ओहायो स्टेट विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक जॉन विल्स यांना देतात, आणि ते पुढे खरोखर डॉक्टर म्हणूनही ओळखले गेले. मजा अशी की इंग्रजी माणसाची हिंमत आतड्यात असते आणि आपली छातीत. आपल्या पोटात येतो तो भीतीचा गोळा. त्यामुळे या प्रयोगाचं शब्दशः मराठी करायला जाऊ नका. 'त्याच्यात धमक नाही' म्हटलं की अर्थ पोचतो. अर्जात, पत्रात, परीक्षेच्या निबंधात हा प्रयोग नको.

मोठ्या एफने लिहिलेलं फॉर्टिट्यूड दिसलं तर अर्थ शोधत बसू नका, ते नाव असतं. नॉर्मंडीवर उतरण्याआधी १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी जर्मनांना चकवण्यासाठी जी मोहीम आखली तिचं नाव ऑपरेशन फॉर्टिट्यूड. त्यात खोट्या सैन्यतळांपासून फुगवलेल्या रबरी रणगाड्यांपर्यंत सगळं होतं. ब्रिस्बेनमधलं फॉर्टिट्यूड व्हॅली हे उपनगर १८४९ मध्ये स्थलांतरितांना घेऊन आलेल्या 'फॉर्टिट्यूड' जहाजावरून ओळखलं जातं. पुजाराने अंगावर चेंडू झेलले ते मैदान त्याच शहरात, पण तो निव्वळ योगायोग.

परीक्षेपुरतं शेवटचं. समानार्थी शब्द विचारला आणि पर्यायांत 'एन्ड्युअरन्स' आणि 'पेशन्स' दोन्ही असतील तर एन्ड्युअरन्सवर खूण करा. एन्ड्युअरन्स नसेल आणि 'करेज' असेल तर करेज, कारण शब्दकोश 'करेज इन पेन ऑर ॲडव्हर्सिटी' असाच अर्थ देतात. विरुद्धार्थी विचारला तर 'कावर्डिस'. ते नसेल तर 'वीकनेस' शोधा.